परिक्रमेच्या झोळीतला कॅमेरा

नर्मदा परिक्रमेची तयारी करणारी माणसं दोन वस्तूंबद्दल हमखास विचारतात: बूट आणि कॅमेरा. बुटांबद्दलचे प्रश्न बरोबर असतात. रोज किती चालायचं, वाट खडकाळ की वाळूची, पाय भिजणार का, वगैरे. कॅमेऱ्याचा विषय निघाला की मात्र पहिला प्रश्न येतो, "किती मेगापिक्सेलचा घेऊ?" आणि त्यामागोमाग, "झूम किती हवा?" वाटेबद्दल, वजनाबद्दल, विजेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. दुकानदाराला तर तेच हवं असतं.

चार दिवसांच्या सहलीला कुठलाही कॅमेरा चालतो. दिवसा गाडीत असतो, रात्री हॉटेलात चार्ज होतो, घरी आल्यावर फोटो कॉम्प्युटरवर उतरतात. पायी परिक्रमेत यातली एकही सोय नाही. अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी सुमारे १३१२ किलोमीटर. नदी न ओलांडता, ती सतत उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे म्हणजे अडीच हजार किलोमीटरांच्या पुढेच जातं. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची ही वाट आता बरेच जण चातुर्मास संपल्यावर धरतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी पुरी करतात. एवढे महिने खांद्यावर वागवायच्या यंत्राला विचारायचा पहिला प्रश्न असा: तू शेवटच्या दिवशी चालू असशील का, आणि तोवर मी तुला पिशवीच्या तळाशी ढकलून दिलं नसेल ना? फोटो किती सुंदर येतो, हे त्यानंतर.

त्याहीआधी एक गोष्ट उरकून घेऊ. कॅमेरा हवाच का? चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ पासून टप्प्याटप्प्याने नर्मदेचा काठ चालले ते रेखाटनाची वही घेऊन, आणि त्यांच्या रेखाचित्रांतून ही नदी हजारो लोकांच्या घरी पोचली. आपल्याला चित्रं काढता येत नाहीत हे खरं, पण खिशात फोन असतोच. भर उजेडात, पाच-दहा फुटांवरचं माणूस किंवा समोरचा घाट टिपायचा असेल, तर आजचा बरा फोन आणि कॅमेरा यांतला फरक मोबाइलच्या पडद्यावर कुणालाही ओळखता येणार नाही. ज्यांना फोटो फक्त नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायचे आहेत त्यांनी कॅमेऱ्याचे पैसे वाचवून चांगला फोन आणि चांगली पॉवर बँक घ्यावी, असं मी स्पष्ट सांगतो.

फोन कमी पडतो तो तीन ठिकाणी. संधिप्रकाशात, लांबच्या वस्तूसाठी, आणि सगळी अंडी एकाच टोपलीत पडतात तेव्हा. नकाशा, घरचा संपर्क, यूपीआयचे पैसे आणि फोटो हे सगळं एकाच यंत्रात असेल आणि ते यंत्र स्नानाच्या वेळी घाटावरून निसटलं, तर एका फटक्यात सगळं गेलं. वेगळा कॅमेरा घेण्याचं हे कारण मला चित्राच्या दर्जापेक्षाही पटतं. फोटो काढायला म्हणून फोन हातात घेतला की त्यातले मेसेजही वाचले जातात, ते वेगळंच.

आता संधिप्रकाश. घाटावरची आरती, पहाटेचं धुकं, आश्रमातल्या चुलीपुढे बसलेली माणसं. परिक्रमेतलं लक्षात राहण्यासारखं बरंचसं कमी उजेडातच घडतं. इथे कामाला येतो तो सेन्सरचा आकार आणि भिंगाचं तोंड, मेगापिक्सेल नव्हेत. सेन्सर म्हणजे उजेड झेलणारा पत्रा. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी प्रकारातला साधारण ३६५. 'एक इंची' म्हणून विकला जाणारा प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८, म्हणजे जेमतेम ११६. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांतला आणि राक्षसी झूमच्या कॅमेऱ्यांतला तर फक्त २८. आणि महाग फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातला? सत्तरच्या आसपास.

हे आकडे शेजारी ठेवले की बरीच धूळ खाली बसते. २०१२ साली सोनीचा आरएक्स१०० आला तेव्हा खिशात मावणारा एक इंची सेन्सर हे नवल होतं, कारण तेव्हाच्या फोनचे सेन्सर फारच चिमुकले होते. आज चांगला फोन त्याच्या बराच जवळ येऊन ठेपलाय. शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो काढून त्यांची बेरीज करतो, त्यामुळे उरलेलं अंतरही तो बऱ्याच वेळा भरून काढतो. तेव्हा निव्वळ 'फोनपेक्षा चांगले फोटो' हवेत म्हणून एक इंची कॅमेरा घेणं आता फारसं शहाणपणाचं नाही. झूम हवा असेल तर गोष्ट वेगळी.

भिंगाचं तोंड किती उघडतं ते 'एफ' आकड्यावरून कळतं. आकडा लहान, तोंड मोठं. यातली मेख अशी की उजेड आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. फोनचं मुख्य भिंग साधारण एफ/१.८ असतं. एपीएस-सी कॅमेऱ्यासोबत खोक्यात मिळणारं १८-५५ चं भिंग सगळ्यात रुंद बाजूला एफ/३.५ असतं, म्हणजे पत्र्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ते फोनच्या जवळपास पावपट उजेड टाकतं. पत्रा पाचपट मोठा, उजेड पावपट. हिशेब केला तर एकूण उजेडात कॅमेरा फोनच्या पुढे जातो तो सव्वापटीने. एवढ्यासाठी अर्धा-पाऊण किलो वजन वाहायचं? त्याच कॅमेऱ्याला एफ/१.८ किंवा एफ/२ चं झूम नसलेलं भिंग लावा, फरक चौपट-पाचपटीवर जातो आणि आरतीचा फोटो खरोखरच वेगळा दिसतो. नवा कॅमेरा घेऊन 'फोनसारखाच तर येतो फोटो' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यावर तेच खोक्यातलं भिंग असतं.

लांबच्या वस्तूचं म्हणाल तर नर्मदेवर मोह पावलोपावली आहे. हिवाळ्यात वाळूच्या बेटांवर चक्रवाकांच्या जोड्या उतरतात, पलीकडच्या काठावरची देवळं खुणावतात, आणि नियमाने पलीकडे तर जायचं नसतं. म्हणून लोक ८३ पट झूमचा निकॉन पी९५० वगैरे बघतात. त्याचं वजन एक किलो आणि सेन्सर तोच २८ चौरस मिलिमीटरचा. सकाळच्या उन्हात पक्षी छान मिळतो, संध्याकाळी कॅमेरा पिशवीत ठेवावा लागतो. पक्ष्यांसाठीच चालत असाल तर जरूर घ्या. इतरांना २४ ते २०० मिलिमीटरपर्यंतची पोच पुष्कळ होते, आणि ती सोनी आरएक्स१०० च्या सातव्या आवृत्तीत ३०२ ग्रॅममध्ये मिळते. एक इंची सेन्सरला मी मघाशी नावं ठेवली तरी, इथे तो आपली जागा राखून आहे.

वजनाचा हिशेब लोक कॅमेऱ्यापुरता करतात, तिथेच फसतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत असलेला कॅनन १५००डी हा डीएसएलआर घ्या. बॉडी ४७५ ग्रॅम, सोबतचं भिंग २००, लांबचं भिंग जवळपास ४००, त्यावर चार्जर, जादा बॅटरी, पट्टा, बॅग. दीड किलोच्या आसपास ऐवज झाला. दोन जोडी कपडे, आसन, कांबळं आणि पाण्याची बाटली एवढाच संसार पाठीवर घेतलेल्या माणसाला दीड किलो म्हणजे काय ते पहिल्या आठवड्यातच कळतं. कॅमेरा आधी गळ्यातून पिशवीत जातो, मग पिशवीच्या तळाशी, आणि एखाद्या शहरात पोचल्यावर कुरियरने घरी. पाठीवरच्या बॅगेत असलेला कॅमेरा फोटो काढत नाही. रस्त्याच्या वळणावर दिसलेली म्हातारी, डोक्यावर मोळी, मागे नदी: बॅग उतरवून, चेन उघडून, भिंगाचं झाकण काढेपर्यंत सगळं पार पडलेलं असतं. सदऱ्याच्या खिशात किंवा कमरेच्या पट्ट्याला राहील तोच कॅमेरा पायी चालणाऱ्याचा. माझ्या मते ही मर्यादा साडेतीनशे ग्रॅमची.

छोट्या कॅमेऱ्याचा आणखी एक गुण कुठल्याच जाहिरातीत नसतो. परिक्रमावासी सदाव्रतावर जगतो. कुणीतरी दिलेला शिधा, कुणाच्या तरी ओसरीवर आसन. शूलपाणीच्या झाडीत पूर्वी परिक्रमावासींना लुटलं जाई. जुन्या प्रवासवर्णनांत ते पुष्कळांनी लिहिलंय. आज त्याच डोंगरांत, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातसुद्धा, भिल्ल आणि पावरा कुटुंबं स्वतःच्या घासातला घास काढून देतात. त्यांच्या अंगणात लाखभर रुपयांचं काळं धूड गळ्यात अडकवून जेवायला बसणं मला तरी जमत नाही. लहान कॅमेऱ्यापुढे माणूस कमी आखडतो. विचारून मगच फोटो काढायचा, नको म्हटलं तर ठेवून द्यायचा, हे कॅमेरा लहान असला तरी पाळायचंच. बायका आणि साधू यांच्या बाबतीत तर नक्कीच.

विजेचं गणित मात्र नीट बसून करण्यासारखं आहे. आश्रमात संध्याकाळी भिंतीवर एक सॉकेट असतं आणि त्याभोवती दहा-बारा फोन. तिथे स्वतःचा कॅमेऱ्याचा चार्जर खुपसायला गेलात तर भांडण होणार नाही, पण नंबर रात्री दोनला लागेल. बहुतेक जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांची बॅटरी बाहेर काढून वेगळ्या चार्जरमध्येच घालावी लागते. नव्या कॅमेऱ्यांत यूएसबी-सीची वायर थेट लागते. म्हणजे पॉवर बँकेवर, झोपेत, पिशवीच्या आत चार्ज होतो. दीर्घ प्रवासासाठी मी यूएसबी चार्जिंग नसलेला कॅमेरा यादीतच धरणार नाही. दहा हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास. आत-बाहेर करताना जे वाया जातं ते सोडलं तर पंचवीसेक हाती लागतात. फोन एकदा पुरा भरायला अठरा-एकोणीस लागतात, छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी पाच ते आठमध्ये भरते. म्हणजे एक फोन, एक कॅमेरा, आणि मग पुन्हा सॉकेट शोधा. वीस हजारांची बँक घेतली तर दोन-तीन दिवस निश्चिंती, पण तिचंच वजन चारशे ग्रॅमच्या घरात, छोट्या कॅमेऱ्याहून जास्त. मी दहा हजारांची एक आणि कॅमेऱ्याच्या दोन जादा बॅटऱ्या असं सुचवेन. बॅटरी चाळीस-पन्नास ग्रॅमची असते आणि ती भरलेली तयार असते. बॅगेवर अडकवायच्या सौर पट्ट्यांचा नाद नको. चालताना त्यांचं तोंड सूर्याकडे राहत नाही आणि झाडीत तर काहीच मिळत नाही.

एका चार्जमध्ये किती फोटो, हा आकडा जपानी कॅमेरा उत्पादकांच्या सीपा या संघटनेने ठरवलेल्या चाचणीचा असतो. रिको जीआर३ चा २००, कॅनन १५००डीचा ५००. एवढी तफावत का? डीएसएलआरमध्ये आपण आरशातून, म्हणजे फुकटच्या उजेडात बघतो. छोट्या कॅमेऱ्यात पडदा सतत पेटलेला असतो. म्हणून फोटो काढला की पडदा बंद करायची सवय लावली तर दोनशेचे पुष्कळ वाढतात. थंडीत उलट होतं. स्पिती-लडाखला जाणाऱ्यांनी बॅटऱ्या रात्री पांघरुणात घेऊनच झोपावं. थंडीने बसलेली बॅटरी अंगाच्या उबेने बऱ्याचदा पुन्हा उठते.

धूळ आणि पाणी. नर्मदेची वाळू मऊ, बारीक आणि सगळीकडे शिरणारी. भिंग बदलता येणारा कॅमेरा उघड्यावर उघडला की सेन्सरवर कण बसलाच, आणि मग प्रत्येक फोटोतल्या आभाळात तोच ठिपका. भिंग न बदलणाऱ्या कॅमेऱ्यात हे होत नाही असं समजू नका. ज्यांचं भिंग आत-बाहेर सरकतं ते हवेसोबत धूळही ओढून घेतात, आणि एकदा आत गेलेली धूळ सर्व्हिस सेंटरशिवाय निघत नाही. भिंग बदलता येत असेल तर निदान रबरी फुंकणीने सेन्सर झटकता तरी येतो. थोडक्यात, एकच भिंग लावा, वाटेत काढू नका, आणि कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. याहून मोठा उपाय कुणाकडेच नाही.

पाण्याची खरी परीक्षा धुआंधार धबधब्याला नाही, समुद्रावर आहे. दक्षिण काठ संपला की विमलेश्वरच्या बाजूने होडीत बसून मीठीतलाईला उतरायचं असतं. भरती बघून सुटलेली ती होडी काही तास खाऱ्या पाण्यावर हेलकावत असते आणि तुषार अंगावर येतात. खारं पाणी कॅमेऱ्याचा वैरी. वाळलं तरी मीठ मागे उरतं आणि धातू कुरतडतं. तेवढा वेळ कॅमेरा बंद पिशवीत, आणि काठावर उतरल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यायचा. ज्यांना एवढी निगा जमणार नाही त्यांच्यासाठी ओएम सिस्टमचा टीजी-७ आहे: १५ मीटर पाण्याखाली चालणारा, माणसाच्या उंचीवरून पडला तरी टिकेल असा, अडीचशे ग्रॅमचा. सेन्सर मात्र २८ चौरस मिलिमीटरवाला. आरती त्याच्याने होणार नाही, फोनवर काढावी लागेल.

जे परंपरेने चातुर्मासात एका जागी थांबतात त्यांना बुरशीचं भय जास्त. कोकणातल्या घरात चामड्याच्या पेटीत ठेवलेल्या कॅमेऱ्याचं पावसाळ्यानंतर काय होतं हे आपल्याला माहीत आहेच: भिंगाच्या आत पांढरी जाळी. चामडं ओल धरून ठेवतं, त्यामुळे ते घरीच राहू द्या. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. रंग पालटला की तव्यावर मंद आचेवर वाळवून त्या पुन्हा वापरता येतात.

साठवणीबद्दल थोडंच, कारण उत्तर सोपं आहे. दिवसाला साठ फोटो, पाच महिने, म्हणजे नऊ हजार फोटो. २४ मेगापिक्सेलचा जेपेग साधारण ९ एमबीचा, एकूण ८० जीबीच्या आसपास. रॉ फाइल ठेवल्या तर सव्वादोनशे. एका मोठ्या कार्डापेक्षा ६४ जीबीची तीन-चार कार्डं बरी. हरवलं तर एकच हरवतं. कार्ड विश्वासाच्या दुकानातून घ्या. बाजारात नकली कार्डांचा सुळसुळाट आहे आणि ती अर्धी भरेपर्यंत कुरकुर करत नाहीत. फोनला लागणारा छोटा कार्ड रीडर सोबत ठेवून निवडक फोटो आठवड्याला फोनवर उतरवायचे, जबलपूर किंवा भरूचसारख्या शहरात चांगलं नेटवर्क मिळालं की क्लाउडवर चढवायचे, आणि भरलेलं कार्ड कडक डबीत घालून स्पीड पोस्टाने घरी. कॅमेऱ्याचं घड्याळ निघतानाच फोनशी जुळवून ठेवा. महिन्यांनी फोटो लावताना गाव आठवत नाही; फोनमध्ये त्या वेळी कुठे होतो याची नोंद असली तर वेळेवरून गाव सापडतं.

मग घ्यायचा कोणता? पायी चालणाऱ्याला माझं उत्तर रिको जीआर३ च्या जातीचं आहे: एपीएस-सी सेन्सर, एकच एफ/२.८ चं भिंग, थरथर सावरणारी यंत्रणा, यूएसबी-सी, आणि बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम. दोष आहेत. झूम नाही, डोळा लावून बघायची खिडकी नाही, त्यामुळे दुपारच्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. धुळीपासून संरक्षणही बेताचंच. फुजीफिल्मच्या एक्स१००-६ मध्ये खिडकी आहे आणि भिंग एफ/२ चं, पण वजन ५२१ ग्रॅम, माझ्या मर्यादेबाहेर, आणि किंमत पाहून घरचे विचारतील ते वेगळंच. झूमशिवाय ज्यांचं चालतच नाही त्यांनी आरएक्स१०० घ्यावा आणि संध्याकाळची अपेक्षा कमी करावी. बसने किंवा गाडीने परिक्रमा करणाऱ्यांना मात्र यातलं काहीच लागू नाही. वजन गाडी वाहते. घरात असेल तो कॅमेरा घ्या आणि खोक्यातल्या भिंगाऐवजी एफ/१.८ चं एक स्वस्त भिंग तेवढं जोडा.

नवाच हवा असंही नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात वापरलेले कॅमेरे मिळतात. जाताना टॉर्च न्या: भिंगातून आरपार प्रकाश टाकला की बुरशी असेल तर लगेच दिसते. मोठ्या एफ आकड्यावर कोऱ्या कागदाचा फोटो काढून बघा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी दिसेल. बॅटरीच्या कप्प्यातले पत्रे हिरवट असतील तर स्वस्त मिळाला तरी सोडा. त्या कॅमेऱ्याची बॅटरी आज नवी मिळते का, हेही विचारा. जुन्या मॉडेलची बॅटरी चालू स्थितीतल्या कॅमेऱ्याइतकीच दुर्मीळ असू शकते.

आणि विकत घ्याल तो जूनच्या आत घ्या. आषाढी वारी परिक्रमेच्या चार महिने आधी येते. आळंदीहून पालखीसोबत निदान सासवडपर्यंत तरी चाला: पाऊस, चिखल, गर्दी, दिवेघाटाचा चढ आणि मुक्कामाला चार्जिंगची मारामार, सगळं दोन-तीन दिवसांत भेटतं. सासवडला पोचेपर्यंत कॅमेरा गळ्यात असेल तर तो परिक्रमेला न्या. पिशवीत गेला असेल तर विकून टाका, हलका घ्या. कार्तिकापर्यंत वेळ आहे.